एका पेशीत दोन केंद्रके
(यीस्टच्या विभाजनाचा शोध कसा लागला)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांना प्रथम मी नम्र अभिवादन करतो. या व्यासपीठावर आजवर बहुधा साहित्य, इतिहास व समाजसुधारणा या विषयांवर विचार मांडले गेले. विज्ञानाचा विषय मांडण्याची मुभा मला दिल्याबद्दल मी शाळेच्या चालकांचा ऋणी आहे. अर्थात मी आज विज्ञानाचा पाठ देणार नाही. एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. विज्ञानालाही इतिहास असतो. त्यातही वाद, हट्ट, उपहास, चुकलेले तर्क आणि दीर्घ प्रतीक्षा असते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच वाचावयास मिळते.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सामान्यतः एकच केंद्रक असते. कधी काही कारणाने एका पेशीत दोन केंद्रके आली, तर ती पेशी विभागते कशी? की विभागतच नाही? हा प्रश्न नीट विचारता येण्यासाठी जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली. त्याचे जे उत्तर मिळाले, त्याचा धागा माणसाच्या शरीरातील कर्करोगापर्यंत जाऊन पोहोचला आहे.

१. आंबवणाऱ्या द्रव्याची ओळख

आपल्या गोमंतकात यीस्ट ही वस्तू परकी नाही. बाजारात यीस्टच्या पुड्या मिळू लागण्यापूर्वी येथला पोदेर पावाचे पीठ माडाची सूर घालून आंबवीत असे. त्या सुरेत असंख्य यीस्ट पेशी असतात. त्याच पिठातील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात आणि पीठ फुगते. पोदेराला पेशी ठाऊक नव्हती. परंतु ताजी सूर आणि शिळी सूर यांतला फरक त्याला बरोबर कळत असे. मानवजातीचा यीस्टशी परिचय हजारो वर्षे याच प्रकारचा होता.

यीस्टच्या पेशी डोळ्यांनी प्रथम पाहिल्या त्या हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँतोनी व्हान लेवेनहूक याने. हा कापडाचा व्यापारी. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने बिअरचा फेस पाहिला आणि त्यातील गोल कणांचे वर्णन १६८० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. हे कण सजीव आहेत असे मात्र त्याला वाटले नाही; धान्याच्या पिठातूनच ते आले असावेत अशी त्याची समजूत होती. त्यानंतर दीडशे वर्षे या बाबतीत फारसे काही घडले नाही.

१८३०च्या दशकात सूक्ष्मदर्शके सुधारली आणि तिघा संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर, जर्मनीत थिओडोर श्वान आणि फ्रीड्रिख क्युट्झिंग यांनी १८३७च्या सुमारास असे प्रतिपादन केले की यीस्ट हा सजीव आहे आणि किण्वन हे त्याच्या जगण्याचे फलित आहे. त्यांचा मुख्य पुरावा कोणता होता? यीस्टची पेशी वाढते, तिच्या अंगावर एक लहानसा कोंभ फुटतो, तो मोठा होतो आणि सुटून वेगळा होतो. म्हणजे यीस्ट सजीव ठरले तेच मुळी त्याच्या विभाजनावरून. या प्रकारच्या विभाजनाला आपण मुकुलन म्हणतो.

हा निष्कर्ष त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना रुचला नाही. किण्वन ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे असे युस्टुस फॉन लीबिग यांचे ठाम मत होते. १८३९ साली त्यांच्या नियतकालिकात एक निनावी लेख प्रसिद्ध झाला. यीस्ट म्हणजे तोंड, पोट आणि आतडी असलेला एक चिमुकला प्राणी असून तो एका बाजूने साखर खातो आणि दुसऱ्या बाजूने मद्यार्क सोडतो, असे त्यात मोठ्या गांभीर्याने लिहिले होते. लीबिग आणि त्यांचे मित्र फ्रीड्रिख व्होलर यांनी केलेली ती थट्टा होती. थोर माणसांची थट्टा नव्या विचाराचे किती नुकसान करते, याचे हे बोलके उदाहरण होय. पुढे १८५७ पासून लुई पाश्चर यांनी एकामागून एक प्रयोग करून किण्वनात सजीवांचा सहभाग असतो हे सर्वमान्य करून घेतले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत बसवली. तेव्हापासून यीस्ट हे प्रयोगशाळेत विश्वासाने वापरता येईल असे साधन झाले.

२. केंद्रक कोठे आहे?

यीस्ट सजीव आहे, पेशी आहे, हे ठरले. पण पेशी म्हटली की तीत केंद्रक हवे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात वनस्पतींच्या व प्राण्यांच्या पेशींतील केंद्रकाचे विभाजन तपशीलवार वर्णिले गेले होते. रंग दिल्यावर गुणसूत्रे दिसत, ती मध्यभागी रांगेत उभी राहत, तर्कूच्या तंतूंनी दोन टोकांकडे ओढली जात. यीस्टमध्ये मात्र यातले काहीच दिसेना. यीस्टची पेशी सुमारे पाच मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. तिचे केंद्रक त्याहूनही बरेच लहान. आणि पेशीत सर्वांत ठळक दिसते ती रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी.

१८९८ मध्ये इंग्लंडच्या हॅरोल्ड वेजर यांनी ही रिक्तिका केंद्रकाच्याच रचनेचा भाग आहे असे मत मांडले. फ्रान्सचे अलेक्झांद्र गिलिएरमाँ यांना ते मान्य नव्हते. रिक्तिकेच्या शेजारचा लहान रंगग्राही पिंड हेच खरे केंद्रक, असे त्यांचे म्हणणे. हा वाद जवळजवळ अर्धशतक चालला. १९४०च्या दशकात अमेरिकेत यीस्टच्या आनुवंशिकीचा पाया घालणारे कार्ल लिंडेग्रेन यांच्यासारखे नामवंत संशोधकसुद्धा गुणसूत्रे रिक्तिकेत असतात असे मानीत होते.

या वादात भारताचाही वाटा आहे, तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. त्याच दशकात बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत एम. के. सुब्रमण्यम व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या केंद्रकाचे व गुणसूत्रांचे चिकाटीने निरीक्षण केले आणि त्यावर सातत्याने लिहिले. यीस्टमध्ये गुणसूत्रे अगदी मोजकी आहेत, असे त्यांना दिसले. आज आपल्याला माहीत आहे की यीस्टच्या एकगुणित पेशीत १६ गुणसूत्रे असतात. ती इतकी बारीक असतात की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून एकेक वेगळे मोजता येत नाही. म्हणजे सुब्रमण्यम काय किंवा लिंडेग्रेन काय, सर्वच जण साधनाच्या मर्यादेवर उभे राहून पलीकडचे पाहण्याचा यत्न करीत होते. त्यांचे निष्कर्ष टिकले नाहीत म्हणून त्यांचे श्रम हलके ठरत नाहीत. प्रश्न जिवंत ठेवण्याचे काम त्यांनी केले.

निर्णय दिला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. १९६६ साली कॅनडातील कार्ल रॉबिनो व जे. मॅराक यांनी यीस्टच्या केंद्रकात तंतूंचा जुडगा असल्याचे दाखवून दिले. हाच यीस्टचा तर्कू. प्राण्यांच्या पेशींत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरघळते. यीस्टमध्ये ते कधीच विरघळत नाही. सारा व्यवहार बंद दाराआड चालतो. तर्कूची दोन टोके केंद्रकाच्या आवरणातच रुतलेली असतात, तर्कू लांबतो, त्याबरोबर केंद्रकही लांबते आणि शेवटी मधोमध तुटून त्याची दोन केंद्रके होतात. १९७५ मध्ये ब्रेक बायर्स व लोरेटा गोएट्श यांनी या टोकांच्या हालचालींचा संपूर्ण वृत्तांत प्रसिद्ध केला.

३. मुकुलनातील अडचण

येथे आपल्या प्रश्नाचे मर्म आहे, म्हणून क्षणभर थांबू.

बहुतेक पेशी आधी केंद्रक विभागतात आणि मग दोन केंद्रकांच्या मधोमध भिंत घालतात. भिंत कोठे घालायची हे तर्कूच्या जागेवरून ठरते. घरात दोन भाऊ दोन कोपऱ्यांत राहिले की मध्ये कूड घालायचा, तसे. यीस्टचे उलट आहे. कोंभ कोठे फुटणार हे आधीच ठरते. मातृपेशी आणि कोंभ यांना जोडणारी अरुंद मान हीच विभाजनाची जागा. ती जागा बदलता येत नाही. म्हणून केंद्रकालाच त्या मानेपाशी यावे लागते, तर्कूचे एक टोक मानेतून कोंभात सरकवावे लागते आणि मगच विभागावे लागते. केंद्रक चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या दिशेने विभागले, तर मातृपेशीत दोन केंद्रके राहतील आणि कोंभ रिकामा राहील. अशा वेळी पेशीने मान बंद केली तर रिकामा कोंभ मरेल, आणि मातृपेशी दोन केंद्रकांचा बोजा घेऊन पुढे जाईल.

यीस्टमधील दोन केंद्रकांचा प्रश्न हा असा आहे. परंतु तो या शब्दांत मांडण्याआधी पेशीविभाजनाच्या टप्प्यांचे एकेक सूत्र वेगळे करणे आवश्यक होते.

४. बिघडलेल्या पेशींची साक्ष

ते काम अमेरिकेत सिएटल येथे लीलंड हार्टवेल यांनी केले. त्यांची युक्ती साधी होती. यंत्र कसे चालते हे कळत नसेल, तर त्याचा एकेक भाग बिघडवून ते कोठे अडते ते पाहावे. त्यांनी अशी उत्परिवर्तित यीस्ट शोधली की जी थंड तापमानाला नीट वाढतात, पण तापमान वाढवले की विभाजनाच्या एका ठरावीक टप्प्यावर अडून बसतात. १९७० साली जोसेफ कुलोटी आणि ब्रायन रीड यांच्यासह त्यांनी याविषयीचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. रीड हा त्या वेळी पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थी होता, हे येथील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. १९७३ पर्यंत अशा १४८ उत्परिवर्तितांची छाननी होऊन ३२ जनुके निश्चित झाली होती.

या संग्रहात चार जनुकांचा एक गट फार बोलका निघाला. त्या जनुकांत बिघाड झाला की केंद्रक विभागत राही, नवे कोंभ फुटत राहत, पण मान कधीच बंद होत नसे. परिणामी एकाच पेशीत आधी दोन, मग चार अशी केंद्रके साठत जात आणि पेशीला लांबलचक कोंभांचा पसारा फुटे. केंद्रकाचे विभाजन आणि पेशीचे विभाजन या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे यावरून सिद्ध झाले. एक वाट अडली तरी दुसरी चालू राहू शकते. १९७६ मध्ये बायर्स व गोएट्श यांनी निरोगी पेशीच्या मानेभोवती तंतूंचे एक नेटके कडे असते असे दाखवले. याच चार जनुकांच्या उत्परिवर्तितांत ते कडे नसते. पुढे त्या प्रथिनांना सेप्टिन हे नाव मिळाले आणि ती माणसातही सापडली.

५. विलीन न होणारी केंद्रके

बिघाडामुळे दोन केंद्रके एकत्र येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे संयोग. यीस्टला दोन जाती असतात. आपण त्यांना वर-वधू म्हणू. कोपनहेगनचे ओइविंद विंगे यांनी १९३५ मध्ये यीस्टच्या जीवनक्रमात एकगुणित व द्विगुणित अवस्था आळीपाळीने येतात हे दाखवले होते. दोन एकगुणित पेशी एकमेकींना चिकटतात, मधल्या भिंती विरतात, आणि लगेच त्यांची केंद्रकेही एकमेकांत मिसळतात. दोन केंद्रकांची अवस्था येथे क्षणिकच असते.

१९७६ मध्ये हायमे कोन्दे व जेरल्ड फिंक यांनी असे एक उत्परिवर्तित शोधले की ज्यात पेशींचा संयोग होतो, परंतु केंद्रकांचे मीलन होत नाही. त्या जनुकाला त्यांनी कार-१ असे नाव दिले. अशी दोन केंद्रके एका घरात नांदू लागली की पुढे काय होते? दोन्ही केंद्रके एकाच पेशीद्रव्यात राहतात, आपापली विभागतात, आणि कोंभात बहुधा एकच केंद्रक जाते. कधी वराकडचे, कधी वधूकडचे. कोंभातले पेशीद्रव्य मात्र दोघांचे मिसळलेले असते. काही पिढ्यांत दोन केंद्रकांची ही जोडी फुटून जाते. संसार मोडतो, पण सामानाची सरमिसळ राहते.

ही सरमिसळ फार उपयोगी ठरली. एखादा गुणधर्म केंद्रकातून येतो की पेशीद्रव्यातून, हे ठरवण्याचे नेमके साधन हाती आले. कोंभातील केंद्रक एका कुळाचे आणि पेशीद्रव्य दोन्ही कुळांचे. मग गुणधर्म कोणाचा आला ते पाहावे. १९९४ साली अमेरिकेच्या रीड विकनर यांनी यीस्टमधील एक वारसा जनुकांवाचून, केवळ प्रथिनाच्या बदललेल्या आकारातून, पुढच्या पिढीत जातो हे मांडले. त्या वारशाचे वाहन पेशीद्रव्य आहे हे तपासण्यासाठी याच रीतीचा उपयोग होत असे.

आणि एक योगायोग सांगितला पाहिजे. कार-१ची पुढे तपासणी झाली तेव्हा १९८७ मध्ये मार्क रोझ व फिंक यांना आढळले की हे जनुक तर्कूच्या टोकाच्या कार्यासाठी आवश्यक आहे. पुढे सापडलेले कार-९ हे जनुक केंद्रकांच्या मीलनासाठी लागते, आणि तेच तर्कूला कोंभाच्या दिशेने वळवण्याचेही काम करते. दोन केंद्रके एकत्र आणणारे हात आणि एका केंद्रकाची दोन केंद्रके योग्य जागी पोहोचवणारे हात बरेचसे एकच आहेत.

दोन केंद्रके एका पेशीद्रव्यात असली तर ती एकमेकांचे ऐकतात का, या प्रश्नाचे सुंदर उत्तर त्यापूर्वीच मानवी पेशींत मिळाले होते. १९७० साली भारतीय वंशाचे पोटू राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी विभाजनचक्राच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील मानवी पेशी एकमेकींत मिसळवून दोन केंद्रकांच्या पेशी बनवल्या. डीएनएची प्रत काढणाऱ्या केंद्रकाजवळ अजून तयारीत असलेले केंद्रक ठेवले, तर तेही लवकर प्रत काढू लागे. मात्र ज्या केंद्रकाची प्रत आधीच काढून झाली होती, ते पुन्हा काढीत नसे. आणि विभाजनात असलेल्या पेशीशी गाठ पडताच दुसऱ्या केंद्रकाची गुणसूत्रे अवेळीच आक्रसून जात. आज्ञा पेशीद्रव्यातून येते आणि केंद्रक ती आपल्या स्थितीनुसार पाळते, असा याचा अर्थ.

६. पोंबे : दुसरे यीस्ट

पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील धान्याच्या बिअरमधून एक वेगळे यीस्ट वर्णिले. स्वाहिली भाषेत बिअरला पोंबे म्हणतात; तेच नाव या यीस्टला पडले. हे कोंभाने विभागत नाही. ते कांडीसारखे असते, टोकांनी वाढते आणि बरोबर मध्यभागी पडदा घालून दुभंगते. विंगे यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या उर्स ल्यूपोल्ड यांनी त्याच्या आनुवंशिकीचा पाया घातला. एडिंबरोचे मर्डोक मिचिसन यांनी १९५०च्या दशकापासून त्याच्या वाढीचे मोजमाप केले. त्यांच्याकडे आलेला तरुण संशोधक पॉल नर्स याने १९७५ मध्ये लवकर विभागणाऱ्या, आकाराने लहान अशा उत्परिवर्तितांविषयी लिहिले. पेशी विभागण्याची वेळ कशी ठरते याचा शोध तेथून वेगाने पुढे गेला.

आपल्या दृष्टीने पोंबेची गंमत अशी की यातील प्रत्येक पेशी नियमाने काही काळ दोन केंद्रकांची असते. केंद्रक विभागते, दोन केंद्रके दोन टोकांकडे जातात आणि पडदा पूर्ण होण्याच्या सुमारास दोन्ही डीएनएची पुढची प्रतसुद्धा काढू लागतात. पडदा मग पुरा होतो आणि पेशी सुटतात. पण पडदा झालाच नाही तर?

१९७६ मध्ये नर्स, पिएर थुरियो व किम नॅस्मिथ यांनी पडदा घालता न येणारी उत्परिवर्तिते वर्णिली. त्यांत केंद्रके दोनाची चार होत गेली. १९७९ मध्ये मिशेल मिने, नर्स, थुरियो व मिचिसन यांनी नेमके उलट उत्परिवर्तित दाखवले. त्याचा बिघाड झालेल्या सीडीसी-१६ या जनुकामुळे पेशी थांबायचेच विसरते आणि एकामागून एक पडदे घालीत सुटते. एका कप्प्यात दोन केंद्रके, तर दुसरा रिकामा, असा गोंधळ होतो. आवर घालणारा कोणीतरी असतो हे यावरून कळले.

१९९९ व २००० साली आणखी एक बाब पुढे आली. पडद्यासाठी लागणाऱ्या द्रव्याची निर्मिती मंद केली की पेशी दोन केंद्रकांनिशी पुढच्या विभाजनापूर्वीच थांबते. पुढे जात नाही. अर्धवट कडे धरून ठेवते आणि वाट पाहते. स्वित्झर्लंडमध्ये व्हिक्टर सिमानिस यांच्या गटाने, तसेच सिंगापूरमध्ये मोहन बालसुब्रमण्यम यांच्या गटाने हे दाखवले. पडदा पुरा झाल्याशिवाय दोन केंद्रकांनी चार व्हायचे नाही, असा तेथे दंडक आहे.

७. थांबणारी पेशी

आता पुन्हा कोंभ फुटणाऱ्या यीस्टकडे येऊ. हार्टवेल व टेड वाइनर्ट यांनी १९८८ मध्ये दाखवले की डीएनएला इजा झालेली पेशी आपण होऊन थांबते, आणि ते थांबणे एका जनुकावर अवलंबून असते. ते जनुक काढले की पेशी इजेसह विभागून मरते. पेशीचक्रात अशा चौक्या असतात ही कल्पना येथून रूढ झाली. १९९१ मध्ये अँड्र्यू हॉइट यांच्या गटाने तर्कू मोडल्यावरही न थांबणारी उत्परिवर्तिते शोधली. त्यांतील एकाचे नाव बब-२. हे बब-२ आणि पोंबेचे सीडीसी-१६ ही एकाच कुळातील भावंडे निघाली. दोन निरनिराळ्या यीस्टांत, दोन निरनिराळ्या हेतूंनी शोधलेले जनुक एकच असावे, हा विज्ञानातील मोठा आनंदाचा क्षण होय.

१९९३ मध्ये यीस्टमध्ये डायनीन या ओढून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले. ते बिघडवले की काही पेशींत तर्कू मानेत शिरत नाही. संपूर्ण विभाजन मातृपेशीतच होते आणि तीत दोन केंद्रके दिसतात. असे असूनही ही यीस्ट बऱ्यापैकी वाढतात! यातले रहस्य १९९५च्या सुमारास उलगडले. चालत्या पेशींचे सतत चित्रण करता असे दिसले की दोन केंद्रके मातृपेशीत अडकली की पेशी मान बंद करीत नाही. ती तशीच थांबते. तर्कू आत चाचपडत राहतो. केव्हातरी त्याचे एक टोक मानेतून कोंभात शिरते आणि त्यानंतरच पेशी विभागते.

पेशीला कसे कळते की टोक कोंभात शिरले? २००० साली अँजेलिका आमोन व एल्मार शीबेल यांच्यासह काही गटांनी याची यंत्रणा मांडली. विभाजन संपवण्याचा हुकूम देणारे टेम-१ हे प्रथिन तर्कूच्या टोकावर बसलेले असते. त्याला रोखून धरणारे बब-२ आणि त्याचा जोडीदारही तेथेच असतात. टेम-१ला उत्तेजन देणारे प्रथिन मात्र कोंभातच राहते. म्हणून टोक कोंभात पोहोचेपर्यंत हुकूम सुटत नाही. २००५ मध्ये असेही दिसले की किन-४ हे प्रथिन मातृपेशीत राहून ब्रेक सैल होऊ देत नाही. ब्रेक मातृपेशीत, चालना कोंभात, आणि हुकूम त्यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या टोकावर, अशी ही व्यवस्था आहे. पेशीला डोळे नाहीत. तरीही कोणती वस्तू कोठे आहे हे तिला या मांडणीतून कळते. बब-२ काढून टाकले की थांबणे संपते. कोंभ रिकामा सुटून जातो, मातृपेशीत दोन केंद्रके उरतात, आणि पुढच्या फेरीत ती दोन्ही पुन्हा विभागू लागतात.

८. अळंब्यांची रीत

दोन केंद्रके म्हणजे नेहमीच संकट, असे मात्र नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारुळांवर जी अळंबी उगवतात, त्यांच्या कुळातील अनेक बुरशींच्या धाग्यांत प्रत्येक पेशी नियमाने दोन केंद्रकांची असते. एक एका पालकाचे, एक दुसऱ्याचे. ती एकमेकांत मिसळत नाहीत, पण विभागतात मात्र बरोबरीने. कित्येक जातींत धाग्याच्या बाजूला एक लहान आकडा फुटतो, त्यातून एक केंद्रक मागच्या पेशीत वळसा घालून जाते, आणि दोन्ही पेशींना दोन्ही प्रकारचे एकेक केंद्रक मिळते. मक्यावरील काणी रोगाची बुरशी तर दोन्ही रीती जाणते. एकटी असताना ती यीस्टसारखी एका केंद्रकाने राहते. जोडी जमली की दोन केंद्रकांचा धागा होऊन मक्यात शिरते. तेव्हा दोन केंद्रके असणे हा दोष नव्हे. त्यांची वाटणी करण्याची व्यवस्था आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

९. माणसाशी संबंध

१९१४ मध्येच थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने असा तर्क केला होता की गुणसूत्रांची चुकीची वाटणी हे कर्करोगाचे मूळ असू शकेल. त्या काळी हा तर्क तपासण्याचे साधन नव्हते. माणसाच्या यकृतात दोन केंद्रकांच्या पेशी नैसर्गिकपणेच आढळतात आणि त्या आपले काम नीट करतात. पण जेथे पेशींना वारंवार विभागायचे असते तेथे विभाजन अर्ध्यावर चुकले, तर गुणसूत्रे दुप्पट झालेली पेशी उरते. २००५ साली डेव्हिड पेलमन यांच्या गटाने उंदरांच्या पेशींत विभाजन मुद्दाम अडवून अशा दुप्पट पेशी बनवल्या. एक महत्त्वाचे रक्षक जनुक नसलेल्या अशा पेशींपासून उंदरांत गाठी झाल्या. हेच पेलमन यीस्टमधील तर्कूच्या स्थानाचाही अभ्यास करीत आले आहेत. बोव्हेरीचा तर्क आणि यीस्टचा कोंभ यांची येथे भेट झाली.

२००१ मध्ये हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना पेशीचक्रावरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. नर्स व मेलानी ली यांनी १९८७ मध्ये पोंबेतील एका नियंत्रक जनुकाचे काम मानवी जनुक करू शकते असे दाखवले होते. तेव्हापासून यीस्ट आणि माणूस यांच्यातील हे नाते वादातीत झाले.

१०. समारोप

मित्रहो, या इतिहासाचा मला जाणवलेला अर्थ सांगून मी थांबतो. या कथेतील बहुतेक संशोधकांनी कर्करोगाचे औषध शोधायला सुरुवात केली नव्हती. कोणी बिअरचा फेस पाहत होता, कोणी रिक्तिकेचा वाद सोडवीत होता, कोणी तापवल्यावर अडून बसणारी यीस्ट मोजत होता. त्या वेळी त्यांना कोणी विचारले असते की याचा उपयोग काय, तर प्रामाणिक उत्तर देता आले नसते. आपल्या शाळांत हा प्रश्न फार लवकर विचारला जातो, परीक्षेच्या गुणांच्या भाषेत तर रोज विचारला जातो. प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद ठेवणे हे त्याचेच एक रूप आहे. एका सूक्ष्मदर्शकाखाली माडाच्या ताज्या सुरेचा एक थेंब ठेवला, तर कोंभ फुटलेल्या यीस्ट पेशी कोणत्याही विद्यार्थ्याला दिसतात. कान्यार द ला तूरने जे पाहिले, तेच. याला खर्च जवळजवळ नाही.

दुसरी गोष्ट यीस्टकडून शिकण्याची. वाटणी नीट होईपर्यंत थांबणे हे त्या पेशीच्या दृष्टीने कालहरण नाही. तिच्या संततीचे जगणे त्या थांबण्यावर अवलंबून असते. ज्या गुरुजींच्या नावे आपण येथे जमलो, त्यांच्या पिढीने विद्यार्थ्याची समज पुरी होईपर्यंत धडा पुढे नेला नाही, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. ती रीत या शाळेत पुढेही राहो, आणि त्या कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती येवो, एवढी इच्छा व्यक्त करतो.